बेवारस नावाची सोय

किनाऱ्यावर रुतून गंजत पडलेले जहाज हे अलीकडे मराठीत एक मान्यताप्राप्त सौंदर्यस्थळ झाले आहे. पूर्वी हा मान पडक्या वाड्याकडे होता. चौक, तुळशीवृंदावन, वाळवी लागलेला झोपाळा एवढे सामान जमवले की ललितलेख उभा राही. वाडे संपले, त्यांच्या जागी इमारती आल्या, आणि हळहळीचा बिऱ्हाडबाजला जहाजावर हलला. आता कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर तांबूस सांगाडा असतो, लग्नाआधीच्या छायाचित्रांत जोडप्याच्या मागे कललेला नाळेचा भाग असतो, आणि ललितलेखक त्या जहाजाला हमखास 'काळाचे शिल्प' म्हणतो. आम्हांला ह्या प्रकाराविरुद्ध लिहायचे आहे. मात्र आरंभीच कबूल करावयास हवे की ह्या गुन्ह्यात आम्हीही सामील होतो, आणि आमच्या सहीचा लेखी पुरावा उपलब्ध आहे.

आम्ही पनवेलमध्ये मराठी शिकवतो. 2023 च्या फेब्रुवारीत स्नेहसंमेलनातील छायाचित्रस्पर्धेचे परीक्षण आमच्याकडे आले. पहिले बक्षीस आम्ही एकमताने दिले ते रत्नागिरीजवळच्या मिऱ्या किनाऱ्यावरील जहाजाच्या चित्राला. हे जहाज म्हणजे 'बसरा स्टार'. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आले, तेव्हा ते वाऱ्यालाटांच्या तडाख्यात सापडून मिऱ्याच्या दगडी बंधाऱ्याला येऊन टेकले. खलाशी सुखरूप उतरले. जहाज वर्षानुवर्षे तिथेच राहिले, लाटांबरोबर बंधाऱ्यावर आपटत राहिले, आणि पाहता पाहता पर्यटनस्थळ बनले. आमच्या विद्यार्थ्याने ते संध्याकाळच्या उजेडात टिपले होते. चित्राचे शीर्षक होते 'निर्वाण'. परीक्षकांचे मत म्हणून आम्ही जे लिहिले त्यात 'नश्वरतेचे मूक भाष्य' आणि 'काळाच्या हाताने रंगवलेला कॅनव्हास' असे दोन शब्दप्रयोग होते. ते आम्हांला तेव्हा आवडले होते. (मराठीच्या प्राध्यापकांना स्वतःचे शब्दप्रयोग जरा जास्तच आवडतात.)

चित्र विभागाबाहेरच्या फलकावर लावले. उरण तालुक्यातील एका गावातून येणारा दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलेला आम्ही पाहिला. चित्र आवडले का, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "तसं नाही मॅडम, कठड्यावर कपडे वाळत घातलेत का ते बघत होतो."

मग हळूहळू कळले ते असे. त्याचा थोरला भाऊ एका एजंटाला पैसे भरून आखातातल्या एका लहान तेलवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. चार महिने पगार आला. मग थांबला. जहाज बंदराबाहेर नांगरून ठेवलेले. मालक फोन उचलेना, एजंटाचे कार्यालय बंद. अकरा महिने तो आणि आणखी सहाजण त्या जहाजावर होते. जनरेटरला डिझेल नाही म्हणून दिवसातून तासभर वीज, त्या तासात मोबाइल चार्ज करायचे, आणि पावसाचे व वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी डब्यात धरायचे. उतरून का आला नाही, हा शहाणा प्रश्न आम्हीही विचारला. किनाऱ्यावर उतरायची परवानगी नाही, पासपोर्ट जहाजावरच्या पेटीत किंवा एजंटाकडे, आणि जहाजावर किमान माणसे असल्याशिवाय बंदर अधिकारी सोडत नाहीत. शिवाय खरी भीती निराळीच होती: उतरला तर थकलेला पगार कायमचा बुडाला. म्हणून घरच्या मंडळींना जहाजाचा फोटो आला की ते पहिल्यांदा कठडा पाहत. कपडे वाळत असतील तर माणसे आहेत.

आम्ही ज्या चित्रात निर्वाण पाहिले त्यात हा मुलगा दोरीवरचे कपडे शोधत होता. ह्या दोन वाचनांपैकी अधिक मुरलेले वाचन कुणाचे, हे आम्हांला सांगण्याची गरज नाही. पण ते मान्य करून गप्प बसणेही पुरेसे नाही, कारण त्याच्या वाचनामागे एक ज्ञान आहे, आणि आमच्या वाचनामागे त्या ज्ञानाचा अभाव आहे.

गंजाचेच पाहा. आम्ही समजत होतो की गंज म्हणजे काळ. भाऊ परत आल्यावर एकदा महाविद्यालयात आला होता, त्याला आम्ही ते चित्र दाखवले. त्याने ते दुकानदार कापड पाहतो तसे पाहिले आणि म्हणाला, "सर, चिपिंगला माणूस नसला की एवढा धरतोच." चिपिंग म्हणजे हातोडीने किंवा यंत्राने गंजाचे पोपडे पाडणे, तारेच्या ब्रशाने पोलाद घासणे, त्यावर आधी गंजरोधक लेप आणि मग रंग लावणे. प्रत्येक चालत्या जहाजावर हे काम रोज चालते. समुद्रातले पोलाद पहिल्या दिवसापासून गंजतच असते, आणि रोज कुणीतरी उन्हात उकिडवे बसून ते थोपवत असते. नव्या कोऱ्या दिसणाऱ्या जहाजाचे नवेपण म्हणजे खलाशांच्या हजेरीचा दृश्य पुरावा. तो हात काढून घेतला की काही महिन्यांत तांबूस ओघळ सुरू होतात. तेव्हा ज्याला आम्ही काळाच्या हाताने रंगवलेला कॅनव्हास म्हटले तो प्रत्यक्षात न दिलेल्या पगाराचा रंग होता. निदान ह्या भावाच्या जहाजाबाबत तरी हे अक्षरशः खरे आहे: सहाव्या महिन्यात त्यांनी घासणे थांबवले.

आमच्या एका मित्राने ह्यावर आक्षेप घेतला. तो म्हणाला, कलेला असे हिशेब मागू नयेत. भग्नावशेषाचे आकर्षण पुरातन आहे; अठराव्या शतकात इंग्लंडातील जमीनदार आपल्या बागेत मुद्दाम पडक्या इमारती बांधून घेत, आणि आपणही रायगडावर जाऊन डोळे ओले करतोच की. आक्षेप वजनदार आहे. पण रायगडावर आपण जातो तेव्हा काय करतो? हा दरबार, ही बाजारपेठ, हे जगदीश्वराचे मंदिर, 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी लागलेली आग, असे आपण बोलत असतो. भग्न किल्ला नावांनी गजबजलेला असतो. गंजक्या जहाजाचे सौंदर्य ह्याच्या नेमके उलट, नावे पुसण्यावर उभे आहे. आमच्या पारितोषिकविजेत्याला आम्ही नंतर विचारले की नाळेवरचे नाव चौकटीबाहेर का ठेवलेस. त्याने फार प्रामाणिक उत्तर दिले: "नाव आलं की फोटो बिघडतो."

तो विद्यार्थी नकळत ज्या रीतीने वागला तीच जहाजव्यवसायाची प्रस्थापित रीत आहे, ही गोष्ट आम्हांला विलक्षण वाटते. म्हातारे जहाज तोडणीला निघते तेव्हा बहुधा ते मधल्या एखाद्या रोख खरीददाराला विकले जाते. तो त्याचा झेंडा बदलतो, कोमोरोस, पलाऊ किंवा सेंट किट्स अशा एखाद्या लहान बेटाच्या नावे नोंद करतो, आणि पुष्कळदा नावही बदलतो. फ्रान्सचा अभिमान म्हणून 1962 मध्ये समुद्रावर आलेले 'फ्रान्स' हे प्रवासी जहाज पुढे 'नॉर्वे' झाले. 2003 मध्ये मायामी बंदरात त्याच्या बॉयलरचा स्फोट होऊन आठ खलाशी मेले. आणि 2006 मध्ये ते गुजरातच्या अलंग किनाऱ्यासमोर आले ते 'ब्लू लेडी' ह्या नावाने. ज्यात ॲस्बेस्टॉस आहे असे जहाज फ्रान्स पाठवू शकत नव्हता, हे त्याच वर्षी 'क्लेमेन्सो' ह्या विमानवाहू नौकेच्या प्रकरणात दिसले होते. गदारोळ झाला आणि अध्यक्ष शिराक ह्यांना ती परत बोलवावी लागली. 'क्लेमेन्सो'चे नाव शाबूत होते म्हणून तिला परत बोलावता आले. ज्याचे नाव, झेंडा आणि मालक तिन्ही बदलले त्याला कोण कुठे बोलावणार?

म्हणून आमचे खरे भांडण 'बेवारस' ह्या शब्दाशी आहे. बातमीदार तो वापरतात, कवी वापरतात, सरकारी पत्रांतही तो असतो. बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही तो. जहाज असे कधीही नसते. ते जन्मते तेव्हापासून त्याच्यावर मालक, चालक कंपनी, झेंड्याचा देश, विमा कंपनी, दर्जा तपासणारी संस्था, कर्ज देणारी बँक अशी वारसांची रांग लागलेली असते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात आकडी क्रमांक त्याला मिळतो तो मालक बदलला, नाव बदलले तरी बदलत नाही. इतकी कागदपत्रे तर आमच्या सेवापुस्तकालाही नाहीत. तेव्हा 'बेवारस' हे जहाजाचे वर्णन नव्हे. ती वारसांनी करून घेतलेली सोय आहे, आणि आपण ललितलेखक त्या सोयीला गूढतेचे अस्तर लावून देतो.

सोय झाली की पुढे काय होते ह्याची उदाहरणे आपल्याच किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर जून 2000 मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' रुतले; ते हटेपर्यंत 2012 उजाडले. बारा वर्षे ते वाळूत बसत गेले, किनारा झिजत गेला, खटले चालले, आणि दरम्यान पर्यटकांच्या फोटोंत ते गोव्याचे एक दृश्य होऊन बसले. 2011 च्या पावसाळ्यात तर जुहूच्या चौपाटीवर दोन जहाजे लागोपाठ आली. जूनमध्ये 'विजडम': कोलंबोहून अलंगकडे तोडणीसाठी ओढून नेत असताना दोर तुटला. जुलैअखेरीस 'पवित': खलाशांनी ओमानजवळ सोडलेले, कुणीही बुडाले असे धरून चाललेले हे जहाज महिनाभर वाहत वाहत, 26 नोव्हेंबर 2008 नंतर कडेकोट म्हणवल्या जाणाऱ्या सागरी पहाऱ्यातून, थेट चौपाटीवर येऊन थांबले. 'विजडम' पाहायला आम्ही स्वतः पनवेलहून अंधेरीची लोकल धरून गेलो होतो. पाऊस होता, भाजलेल्या कणसांचा धूर होता, आणि गर्दीच्या डोक्यांवर ते प्रचंड काळे धूड निमूट उभे होते. अंगावर काटा आला, हे आम्ही नाकारत नाही. माणसाविना एवढी मोठी वस्तू पाहिली की मन आपोआप तिच्यात कुणीतरी बसवते. भुताच्या गोष्टी अशाच सुरू होतात. त्या आकर्षणाला खोटे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही परतताना डब्यात जे बोललो ते मात्र आज आठवते. सगळे बोलणे त्या धुडाच्या एकाकीपणाविषयी होते. ते कुठे निघाले होते, आणि तिथे त्याची वाट कोण पाहत होते, हे एकानेही विचारले नाही.

वाट पाहत होते ते भावनगर जिल्ह्यातील अलंगचे कामगार. तिथे 1983 पासून जहाजे भरतीच्या पाण्याबरोबर किनाऱ्यावर चढवून कापली जातात. आपल्याकडे मुंबईत रे रोडजवळच्या दारुखान्यात हेच काम चालत आले. गॅसकटरने पोलाद कापायचे, कापलेला पत्रा खाली पडताना बाजूला उडी मारायची, आणि आतल्या उष्णतारोधक थरातील ॲस्बेस्टॉसची पूड श्वासात घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीच्या 2006 च्या अहवालात असे नोंदले गेले की ॲस्बेस्टॉसशी संबंध येणाऱ्या तपासलेल्या कामगारांपैकी सुमारे सहांत एकाच्या फुप्फुसांत त्या रोगाची प्राथमिक लक्षणे होती. चित्रांत जे हिरवे-तांबडे पोपडे इतके मोहक दिसतात त्यांविषयीही थोडे सांगणे भाग आहे. शंख-शेवाळ चिकटू नये म्हणून जहाजाच्या बुडाला विषारी रंग देत. त्यांतील ट्रायब्युटिलटिन हे द्रव्य इतके जहाल की त्याच्या सूक्ष्म अंशाने समुद्रगोगलगाईंच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. 2008 मध्ये जागतिक करारान्वये त्यावर बंदी अमलात आली. त्याआधी रंगवलेली जहाजे अर्थातच त्यानंतरही तुटायला येत राहिली.

आम्हा पनवेलकरांना हे दूरचे वाटायचे कारण नाही. एकेकाळी मुंबईचा माणूस पुण्याला जायचा तो पडावाने पनवेल बंदरात उतरून, मग बोरघाटाने. बंदर गाळाने भरले, आगगाडी आली, आणि आम्ही समुद्राकडे पाठ केली. समुद्र पुन्हा आठवला तो 7 ऑगस्ट 2010 रोजी, मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया 3' ह्यांची टक्कर झाली तेव्हा. शेकडो टन तेल सांडले, कंटेनर समुद्रात पडले, त्यांत कीटकनाशकांचेही होते. तवंग उरणच्या आणि अलिबागच्या बाजूने पसरला, खारफुटीची मुळे काळी झाली, आणि मासळीबाजारात कोळणी टोपल्यांपुढे रिकाम्या बसल्या, कारण मासे खाऊ नका असे सांगितले गेले होते. कललेल्या 'चित्रा'चे आणि तिच्यावरून घसरणाऱ्या रंगीत खोक्यांचे छायाचित्र मात्र तेव्हा प्रत्येक वर्तमानपत्राने मोठ्या हौसेने छापले. छान आले होते.

साहित्याच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट खटकते. मराठीतली लक्षात राहिलेली जहाजे माणसांनी भरलेली आहेत. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी 1939 ची. तिच्यातले जहाज युरोपातून निघालेले, त्यावर निर्वासित ज्यू, आणि वाचकाला आठवतात ती त्यांची तोंडे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेंवर माणसे गेली. रायगड जिल्ह्यातल्या गावोगावी ती आठवण अजून आडनावांनिशी सांगितली जाते. 'रामदास'च्या सांगाड्याच्या सौंदर्याविषयी कुणी ललितलेख लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही, आणि लिहिला असता तर लेखकाला अलिबागच्या एसटी स्थानकावर उतरणे कठीण झाले असते. म्हणजे गंजाचे सौंदर्य दिसायला मेलेली किंवा अडकलेली माणसे परकी असावी लागतात. ती ओळखीची निघाली की गूढ संपते आणि पत्रव्यवहार सुरू होतो.

परकी माणसे किती आहेत? आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या मोजणीनुसार एकट्या 2024 मध्ये 312 जहाजे मालकांनी वाऱ्यावर सोडली. त्यांवर 3,133 खलाशी होते, आणि देशवार पाहता सर्वांत जास्त भारतीय होते. सागरी कामगार करारातील 2017 पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दोन महिने पगार थकला की खलाशी 'परित्यक्त' ठरतो, आणि त्याला घरी पोचवण्याचा खर्च उचलणारी हमी जहाजावर असावी लागते. नियम चांगला आहे. पण इजिप्तजवळ 'अमान' ह्या जहाजावर एका सीरियन खलाशाला न्यायालयाने जहाजाचा कायदेशीर राखणदार ठरवले, आणि तो 2021 पर्यंत जवळजवळ चार वर्षे तिथे अडकला. शेवटी शेवटी अगदी एकटा, वीज नाही, मोबाइल चार्ज करायला आणि अन्न आणायला पोहत किनाऱ्यावर जायचा. सोडलेल्या जहाजाचे गूढ कुठवर जाते हे पाहायचे तर बैरूत पाहावे: 2013 मध्ये तिथे अडकून मालकाने सोडून दिलेल्या 'रोसस'च्या पोटात 2,750 टन अमोनियम नायट्रेट होते. ते गोदामात हलवले गेले, जहाज पुढे बंदरातच बुडाले, आणि 4 ऑगस्ट 2020 रोजी ते गोदाम उडाले. दोनशेहून अधिक माणसे मेली.

ह्यावर कुणी म्हणेल की मग जहाजांविषयी लिहूच नये का. लिहावे. आपली 'विक्रांत' पाहा. 1961 ते 1997 सेवा, मग 2012 पर्यंत संग्रहालय, आणि 2014 मध्ये दारुखान्यात गॅसकटर. तिच्याविषयी मराठीत पुष्कळ अश्रू ढाळले गेले. तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल 2016 मध्ये बाजारात आली, तीही खपली. पण तिला कापणाऱ्या हातांविषयी एकही ललितलेख आम्हांला आठवत नाही. सिंधुदुर्गात निवतीजवळ 'गुलदार' ही निवृत्त युद्धनौका बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना आहे. धुऊन-पुसून, विषारी द्रव्ये काढून ती बुडवली तर प्रवाळांना घर मिळेल, आमची हरकत नाही. निदान तिचे नाव, मालक आणि बुडवणारा हे तिघेही ठाऊक असतील. आमची हरकत आहे ती नाव चौकटीबाहेर ठेवण्याला. हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून अमलात आला आहे, त्यानुसार जहाजातील घातक द्रव्यांची यादी जहाजाबरोबर असावी लागते. मालकांना यादी सक्तीची झाली. कवींना काही सक्तीचे नाही, हे आम्ही जाणतो.

तो भाऊ आता उरणकडच्या एका कंटेनर यार्डात काम करतो. अकरापैकी तीन महिन्यांचा पगार मिळाला. विभागाबाहेरचे चित्र आम्ही काढलेले नाही. चित्र चांगलेच आहे आणि मुलाने मेहनत घेतली होती. आम्ही आमचे मत तेवढे काढून घेतले, आणि त्या जागी जहाजाचे नाव, ते कधी आणि कशाने तिथे आले, आणि खलाशी उतरले एवढे टंकलिखित करून लावले. पुढच्या वर्षीच्या पत्रकात अट घातली की वस्तूचे चित्र असेल तर ती वस्तू कुणाची, हे शोधून दोन ओळींत लिहावे. प्रवेशिका निम्म्यावर आल्या. त्यांतल्या एका मुलीने पनवेलच्या खाडीकाठी चिखलात अर्ध्या बुडालेल्या मचव्याचे चित्र दिले होते, आणि खाली लिहिले होते की हा मचवा तिच्या चुलतआजोबांचा आहे, इंजिन विकले, आणि लाकूड कुणी घेत नाही.